मार्क्सपासून निघाले आणि हक्कांपाशी पोचले : ‘बेसेलो’ची वैचारिक वाट

हंगेरियन भाषेत ‘बेसेलो’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक म्हणजे बोलणारा. दुसरा म्हणजे तुरुंगातल्या कैद्याला घरची माणसं भेटायला येतात, ती भेट. आपल्याकडेही तुरुंगातल्या या भेटीला ‘मुलाखत’च म्हणतात आणि पेपरात छापून येते तीही मुलाखतच. त्यामुळे या नावाची खुबी मराठी माणसाला चटकन कळावी. आपण बोलतोय, पण गजाआडून बोलतोय, हे त्या एका शब्दात आलं.

‘बेसेलो’ हे बुडापेस्टमध्ये १९८१च्या अखेरीस निघालेलं एक अनियतकालिक. सरकारी परवानगी नाही, छापखाना नाही, दुकानात विक्री नाही. पहिला अंक लोकांच्या हाती पडला त्याच सुमारास, १३ डिसेंबर १९८१ला, शेजारच्या पोलंडमध्ये लष्करी कायदा लागू झाला. मुहूर्त इतका वाईट असूनही १९८९पर्यंत त्याचे २७ अंक निघाले. मिक्लोश हारास्ती, यानोश किश, फेरेन्त्स कोसेग, ओत्तिलिया शोल्त, कवी द्यॉर्द पेत्री अशी मंडळी ते चालवत होती. (हंगेरियन माणूस आडनाव आधी सांगतो, म्हणजे तिकडे हा ‘किश यानोश’. इथे मी आपल्या सवयीप्रमाणे लिहितो आहे.)

या लोकांच्या धाडसावर बरंच लिहिलं गेलंय आणि ते योग्यच आहे. पण त्यांनी वाचलं काय होतं, कुठल्या विचारांशी ते झगडले होते, हे फारसं सांगितलं जात नाही. मला ते जास्त मोलाचं वाटतं. कारण हा अंक नुसता बंडखोरीतून निघाला नाही. त्यामागे पंधरा वर्षांचं वाचन होतं आणि त्या वाचनात एक मोठा पेच उभा राहिला होता.

आधी तिथली हवा कशी होती ते पाहू. कम्युनिस्ट राजवटीविरुद्धचा १९५६चा उठाव सोव्हिएत रणगाड्यांनी चिरडला, त्यानंतर यानोश कादारची राजवट आली. सुरुवातीची काही वर्षं फाशीची आणि तुरुंगाची. पुढे मात्र कादारने धोरण बदललं. जो आमच्या विरोधात नाही तो आमच्या बाजूचा, असं तो १९६१ नंतर सांगू लागला. दुकानात माल मिळू लागला, आठवड्याच्या सुटीला शहराबाहेर छोटं घर बांधता येऊ लागलं. बदल्यात माणसाने राजकारणाबद्दल तोंड उघडायचं नाही. साहित्य-कलेची तीन खणांत विभागणी होती : पाठिंबा दिलेलं, सहन केलेलं आणि बंदी घातलेलं. हंगेरियनमध्ये हे तिन्ही शब्द ‘त’नेच सुरू होतात, म्हणून लोक त्याला ‘तीन त’ म्हणत. कुठलं पुस्तक कुठल्या खणात जाणार हे नियमात कुठे लिहिलेलं नसे. त्यामुळे लेखक स्वतःच स्वतःची कात्री चालवत. दहशतीपेक्षा अशी व्यवस्था फोडणं अवघड असतं. दहशतीचा निदान राग येतो. इथे माणूस हळूहळू सवयीचा होतो.

आता तत्त्वज्ञांकडे येऊ. सुरुवात करावी लागते जॉर्ज लुकाचपासून.

लुकाच १८८५ साली बुडापेस्टमध्ये जन्मला. १९२३ साली त्याने ‘इतिहास आणि वर्गजाणीव’ हा ग्रंथ लिहिला. त्यातला एक विचार सोप्या शब्दांत असा : माणसामाणसांतले संबंध बाजाराच्या व्यवस्थेत वस्तूंमधल्या संबंधांसारखे दिसायला लागतात. कारखान्यातला कामगार आठ तास काम करतो. त्याचं कौशल्य, त्याचा थकवा, त्याचा वेळ, सगळं घड्याळात मोजून एका आकड्यात मांडलं जातं. काही काळाने त्याला स्वतःलाही वाटायला लागतं की आपण म्हणजे तो आकडाच, आणि ही व्यवस्था पावसापाण्यासारखी आहे, ती बदलायची नसते. माणसांनी केलेली गोष्ट माणसांना निसर्गासारखी वाटायला लागणं, हा त्याच्या मते मोठा आजार.

पुढे लुकाचने कम्युनिस्ट पक्षाशी अनेकदा जुळवून घेतलं, पण त्याच्याभोवती जमलेल्या तरुणांनी हा विचार मनावर घेतला. आग्नेश हेलर, फेरेन्त्स फेहेर, द्यॉर्द मार्कुश, मिहाय वायदा ही त्यातली ठळक नावं. या गटाला ‘बुडापेस्ट स्कूल’ म्हणतात. त्यांना मार्क्स टाकून द्यायचा नव्हता. पक्षाच्या पाठ्यपुस्तकातला मार्क्स बाजूला सारून मूळ मार्क्स वाचायचा होता. मार्कुशच्या विद्यार्थ्यांमध्ये दोघे जण फार हुशार होते : द्यॉर्द बेन्त्से आणि आपला यानोश किश.

ऑगस्ट १९६८मध्ये सोव्हिएत फौजा चेकोस्लोव्हाकियात शिरल्या. त्या वेळी यांच्यापैकी काही जण युगोस्लाव्हियातल्या कोर्चुला बेटावर तत्त्वज्ञांच्या उन्हाळी शाळेला गेले होते. तिथूनच त्यांनी निषेधपत्रकावर सह्या केल्या. लुकाच १९७१मध्ये गेला, तोवर त्याच्या नावाचं थोडं छत्र होतं. १९७३मध्ये पक्षाने ठराव करून या मंडळींचे विचार मार्क्सविरोधी ठरवले आणि त्यांना नोकरीवरून काढलं. हेलर, फेहेर, मार्कुश पुढे ऑस्ट्रेलियाला गेले. बेन्त्से आणि किश बुडापेस्टमध्येच राहिले. पोटापाण्यासाठी किश भाषांतरं करू लागला. त्याने केलेल्या भाषांतरांमध्ये रुसो होता. हा धागा पुढे कामाला येणार आहे.

नोकरी जाण्याआधी, १९७०च्या आसपास, बेन्त्से, किश आणि मार्कुश यांनी मिळून एक जाड हस्तलिखित तयार केलं होतं. शीर्षक होतं ‘चिकित्सक अर्थशास्त्र कसं शक्य आहे?’. ते पुस्तकरूपाने हंगेरीत यायला १९९२ उजाडलं. मला वाटतं, ‘बेसेलो’च्या विचाराचं बीज या हस्तलिखितात आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

मार्क्सचं स्वप्न असं होतं : बाजार जाईल, त्याबरोबर पिळवणूक जाईल आणि लोक एकत्र बसून काय पिकवायचं, काय बनवायचं ते ठरवतील. या तिघांनी विचारलं, बरं, पण ठरवणार कसं? समजा, एका गावात हजार घरं आहेत. कुणाला शाळा आधी हवी, कुणाला दवाखाना, कुणाला रस्ता. पैसा आणि कामगार मर्यादित आहेत. बाजार नाही, त्यामुळे कुणाला काय किती हवंय हे किमतीवरून कळत नाही. मग कुणीतरी वर बसून ठरवणार. तो म्हणणार, जनतेची खरी गरज मला ठाऊक आहे. आणि ‘तुला चुकीचं ठाऊक आहे’ असं त्याला सांगायची काहीही सोय या चित्रात नाही! कारण वर्ग संपले म्हणजे मतभेद संपले, असं गृहीत धरलेलं आहे. पण वर्ग संपले तरी माणसांची हितं वेगळी राहतातच. म्हणजे बाजार लागतो, मतभेद मांडायच्या जागा लागतात, त्या जागांचं रक्षण करणारा कायदा लागतो.

हे मार्क्सच्या शत्रूंनी लिहिलं असतं तर त्यात नवल नव्हतं. ते मार्क्सवर जीव असलेल्या, त्याची पानंन् पानं वाचलेल्या तिघांनी लिहिलं, म्हणून त्याला वजन आहे. हेलर, फेहेर आणि मार्कुश यांनी पुढे परदेशात हीच गोष्ट एका नावात बांधली : ‘गरजांवरची हुकूमशाही’. म्हणजे सत्ता तुमचं बोलणं तर आवळतेच, पण तुम्हाला काय हवं असायला हवं हेही तीच ठरवते.

बेन्त्से आणि किश यांनी मार्क राकोव्स्की या टोपणनावाने आणखी एक पुस्तक लिहिलं. ते १९७७मध्ये फ्रान्समध्ये आणि पुढल्या वर्षी इंग्रजीत निघालं. त्यातला मुद्दा असा की सोव्हिएत पद्धतीचा समाज भांडवलशाहीही नाही आणि ‘बिघडलेला समाजवाद’ही नाही. तो स्वतंत्र जातीचा वर्गसमाज आहे आणि मार्क्सच्या इतिहासाच्या नकाशात त्याला जागाच नाही. नकाशात जागाच नसेल तर ‘पुढचं स्टेशन’ही ठरलेलं नाही. इतिहास आपोआप सुटका करील ही आशा तिथेच संपते. मग माणसाने उभं राहायचं कशाच्या आधारावर?

त्याच सुमारास तरुण बुद्धिजीवींना त्यांचं मार्क्सशी नातं काय, असं विचारून आलेली उत्तरं टंकलेखित स्वरूपात हातोहात फिरली. बऱ्याच जणांची उत्तरं एकच सांगत होती : आता ते नातं उरलेलं नाही.

आधार मिळाला तो घरातल्याच एका विसरलेल्या माणसाकडे. इश्तवान बिबो.

या सगळ्या गोष्टीत मला बिबो सर्वांत जवळचा वाटतो. १९११चा जन्म, शिक्षणाने कायदेपंडित, मार्क्सवादी कधीच नव्हता. नोव्हेंबर १९५६मध्ये, उठावाच्या बाजूने उभा राहिलेला पंतप्रधान इम्रे नॉज याच्या सरकारात तो राज्यमंत्री झाला. दुसऱ्याच दिवशी, ४ नोव्हेंबरला पहाटे, सोव्हिएत फौजा बुडापेस्टमध्ये घुसल्या. बाकीचे मंत्री पांगले होते. बिबो संसद भवनात राहिला. इमारतीत रशियन सैनिक फिरत होते आणि हा एकटा मंत्री खोलीत टाइपरायटरवर सरकारच्या वतीने निवेदन टाइप करत बसला होता. हंगेरीला सोव्हिएतविरोधी धोरण ठेवायचं नाही, पण परकी सत्तेने बसवलेलं सरकार हे आमचं कायदेशीर सरकार नाही, अशा आशयाचं. सरकार म्हणजे इमारत, फौज, पोलीस असं आपण समजतो. त्या खोलीत सरकार म्हणजे फक्त एक माणूस, एक यंत्र आणि कायद्याला धरून लिहिलेलं एक वाक्य उरलं होतं.

१९५७मध्ये त्याला अटक झाली, १९५८मध्ये जन्मठेप. १९६३च्या माफीत तो सुटला आणि सांख्यिकी कार्यालयाच्या ग्रंथालयात नोकरी करू लागला. १९७९मध्ये तो वारला.

बिबोचा मुख्य निबंध १९४६चा, पूर्व युरोपातल्या छोट्या राष्ट्रांच्या दैन्याबद्दलचा. त्याचं म्हणणं असं : ही राष्ट्रं सतत या धास्तीत जगली की उद्या आपण नकाशावरून पुसले जाऊ. अशा भीतीत समाजाला वाटायला लागतं, आधी राष्ट्र वाचवू, स्वातंत्र्याचं पुढे बघू. मग स्वातंत्र्य मागणारा माणूस राष्ट्राचा वैरी ठरतो. भीतीने समाजाचं डोकं फिरतं, तो खोट्यावर जगायला लागतो. म्हणून त्याच्या मते लोकशाहीवादी असण्याची पहिली अट म्हणजे न भिणं. निराळ्या मताच्या माणसाला भ्यायचं नाही, निराळ्या भाषेच्या माणसाला भ्यायचं नाही, उद्या काय होईल यालाही भ्यायचं नाही.

बिबो गेल्यावर त्याच्या स्मरणार्थ एक ग्रंथ करायचं ठरलं. ७६ जणांनी लिहिलं. त्यात मार्क्सवादातून बाहेर पडलेले होते, ग्रामीण-राष्ट्रीय वळणाचे लेखक होते, एरवी एकमेकांकडे संशयाने पाहणारे लोक होते. १९८०मध्ये प्रकाशन संस्थेकडे बाड दिलं, नकार आला, आणि मग ते टंकलेखित प्रतींतून फिरलं. पुढच्या वर्षी ‘बेसेलो’ निघालं. तेव्हा जमीन तयार झाली होती ती या ग्रंथाने.

दुसरा प्रभाव उत्तरेकडून, पोलंडमधून आला. तिथला सरकारविरोधी लेखक अॅडम मिखनिक याने १९७६मध्ये हिशेब मांडला होता. १९५६मध्ये हंगेरीने उठाव केला, चिरडला गेला. १९६८मध्ये प्रागच्या पक्षनेत्यांनी वरून सुधारणा केल्या, त्याही चिरडल्या गेल्या. मग उरलं काय? सत्तेला अर्ज करणं सोडायचं आणि समाजाशी बोलायला लागायचं. आपल्या संघटना, आपली पत्रकं, आपले वर्ग आपणच उभे करायचे. त्याच वर्षी तिथे कामगारांच्या मदतीसाठी स्थापन झालेल्या समितीने आपल्या सभासदांची नावं, पत्ते आणि फोन नंबर जाहीर छापले. १९७७च्या जानेवारीत चेकोस्लोव्हाकियात मानवी हक्कांची मागणी करणारी ‘सनद ७७’ निघाली, तिला हंगेरीतल्या ३४ जणांनी सही करून पाठिंबा दिला.

‘बेसेलो’च्या संपादकांनीही आपली खरी नावं छापली. माझ्या मते त्या अंकांतला सर्वांत तात्त्विक मजकूर तोच. टोपणनावाने लिहिणारा माणूस नकळत कबूल करतो की हे बोलायचा मला अधिकार नाही. स्वतःच्या नावाने लिहिणारा म्हणतो, अधिकार आहे, तुम्ही तो मोडताय. ‘राकोव्स्की’ या बुरख्यापासून ‘यानोश किश’ या नावापर्यंत येणं हा नुसत्या हिमतीचा प्रवास नव्हता. विचारच बदलला होता.

छपाईची पद्धतही पोलंडकडून आली. या मंडळींतलाच गाबोर देम्स्की तिकडे जाऊन ती शिकून आला. लाकडी चौकट, त्यावर ताणलेलं रेशमी कापड, खाली स्टेन्सिल. टाइपरायटरची रिबन बाजूला करून स्टेन्सिल कापायची, वर शाई घालायची, रबरी पट्टी ओढायची, कागद काढायचा, वाळत घालायचा. पुन्हा पुढचा कागद. पोलिश भाषेत चौकटीला ‘रामका’ म्हणतात, हंगेरीतही तोच शब्द रुळला. आपल्याकडे साठच्या दशकातली लघुनियतकालिकं सायक्लोस्टाइलवर निघाली, त्यांचे जुने अंक ज्यांनी हाताळलेत त्यांना तो फिकट, मागून उमटलेला मजकूर डोळ्यांसमोर येईल. फरक एवढाच की बुडापेस्टमध्ये प्रती काढायच्या यंत्रांवर सरकारचा पहारा असे आणि चौकट सापडली तर घराची झडती, दंड, पासपोर्टला नकार हे ठरलेलं. लास्लो राइक या वास्तुविशारदाच्या घरी, गॉलाम्ब म्हणजे ‘कबुतर’ नावाच्या गल्लीत, दर मंगळवारी संध्याकाळी असल्या साहित्याचं दुकानच मांडलेलं असे. अंकाच्या प्रती थोड्या निघत, पण परदेशातून हंगेरियनमध्ये बोलणारा ‘फ्री युरोप’ रेडिओ त्यातला मजकूर वाचून दाखवी, त्यामुळे खेड्यातल्या माणसापर्यंतही तो जाई.

एक प्रभाव तत्त्वज्ञानाबाहेरचा होता, तो वगळून चालणार नाही. ओत्तिलिया शोल्त ही समाजशास्त्रज्ञ, इश्तवान केमेन्य यांच्या हाताखाली तयार झालेली. केमेन्यने हंगेरीतल्या गरिबीचा अभ्यास केला, तेव्हा अडचण अशी होती की समाजवादी देशात ‘गरीब’ हा शब्दच चालत नव्हता. कागदोपत्री अशा माणसांना ‘अनेक बाबतींत वंचित’ वगैरे म्हटलं जाई. शोल्तने १९७९मध्ये सहकाऱ्यांबरोबर गरिबांना मदत करणारा निधी सुरू केला आणि ‘गरीब’ हा शब्द सरळ नावातच घातला. यामुळे ‘बेसेलो’ हक्कांच्या कोरड्या चर्चेत अडकलं नाही. मार्क्स सुटला, पण ज्या कळवळ्यापोटी ही माणसं मार्क्सकडे गेली होती, तो सुटला नाही.

आता हक्कांचा मुद्दा. हंगेरीच्या तेव्हाच्या राज्यघटनेत भाषणस्वातंत्र्य होतं, वृत्तपत्रस्वातंत्र्यही होतं. फक्त त्यांना एक शेपूट जोडलेलं होतं : समाजवादाच्या आणि जनतेच्या हिताला अनुसरून. हे हित कुठलं ते ठरवणार पक्ष. म्हणजे हक्क हा सरकारने दिलेला भत्ता झाला, वागणूक चांगली असेल तर मिळेल. किशने ‘आपल्याला मानवी हक्क आहेत का?’ या पुस्तकात, जे १९८७मध्ये पॅरिसहून हंगेरियनमध्ये निघालं, नेमकं हे उलटं केलं. त्याचा युक्तिवाद ढोबळपणे असा : आपण एकमेकांशी वाद घालतो, कारणं देतो, ‘हे बरोबर नाही’ असं म्हणतो. असं म्हणताना समोरचा माणूस आपल्याइतकाच नैतिक विचार करू शकतो हे आपण मानलेलंच असतं. ही बरोबरी मानली की काही गोष्टी कुणाच्याही बाबतीत करता येत नाहीत, मग कायद्यात काहीही लिहिलेलं असो. हक्क घटनेतून जन्मत नाही. घटना चांगली की वाईट हे हक्कावरून ठरतं. इथे कांट आहे आणि त्या काळातलं इंग्रजी-अमेरिकन राजकीय तत्त्वज्ञानही आहे. मार्क्सला मात्र हक्कांची ही भाषा संशयास्पद वाटत असे. एकट्या, स्वार्थी माणसाची भाषा, असं तो म्हणे.

जून १९८७मध्ये ‘बेसेलो’चा खास अंक निघाला : ‘सामाजिक करार’. लिहिणारे किश, कोसेग आणि शोल्त. नाव रुसोचं, हे सांगायला नको. पण रुसोचा करार कोऱ्या पाटीवर होतो, इथे पाटीवर सोव्हिएत फौज बसलेली होती. म्हणून त्यांनी पक्षाला उद्याच्या उद्या सत्ता सोडायला सांगितलं नाही. पक्षाने कायद्याच्या चौकटीत यावं, संसदेला खरा अधिकार मिळावा, वृत्तपत्रांना कायद्याचं संरक्षण मिळावं, कामगारांना आपलं म्हणणं मांडायचा मार्ग असावा, अशा मागण्या होत्या. आणि एक वाक्य अगदी सरळ : कादारला जावं लागेल. पुढच्या वर्षी मे महिन्यात कादार खरंच गेला. अर्थव्यवस्था डबघाईला आली होती, मॉस्कोचं वारं बदललं होतं, पक्षातलेच लोक कंटाळले होते. अंकामुळे तो गेला असं मी म्हणणार नाही. पण त्याच्यानंतर काय मागायचं याची यादी लिहून तयार होती.

१९९०मध्ये देशाचा राष्ट्राध्यक्ष झाला आर्पाद गोन्त्स, बिबोबरोबर एकाच खटल्यात जन्मठेप झालेला माणूस. देम्स्की बुडापेस्टचा महापौर झाला. किश या मंडळींच्या उदारमतवादी पक्षाचा अध्यक्ष झाला, पण १९९१मध्ये पद सोडून परत पुस्तकांकडे वळला. ‘कसं शक्य आहे?’ असं शीर्षक देऊन त्याने मार्क्सवर काम सुरू केलं होतं. प्रश्न विचारायची ही रीत मुळात कांटची. १९९५मध्ये कांटच्या ‘शुद्ध बुद्धीची चिकित्सा’ या ग्रंथाचं नवं हंगेरियन भाषांतर निघालं, त्यावर भाषांतरकार म्हणून नाव होतं यानोश किश.